दूरध्वनीच्या लाइनींचे गट आणि कॉलांची गणना : वर्गीकरणाच्या एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार

१. विषयाची मर्यादा

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने दूरध्वनीच्या लाइनींविषयी लिहावे, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विलक्षण वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय यंत्र हा नसून वर्गीकरण हा आहे. आणि वर्गीकरण हा तर भाषाशास्त्राचा नित्याचा व्यवसाय होय. एखाद्या कार्यालयात, रुग्णालयात अथवा आपत्तिनिवारण कक्षात दूरध्वनीच्या अनेक लाइनी असतात. त्यांवर दिवसभर येणाऱ्या कॉलांची नोंद यंत्र आपोआप करीत असते. महिनाअखेर त्या नोंदींवरून तक्ता तयार करावयाचा झाल्यास प्रत्येक लाइनीचा आकडा स्वतंत्रपणे मांडून काहीच बोध होत नाही. म्हणून लाइनींचे गट पाडावे लागतात व गटागटाने आकडे द्यावे लागतात. हे गट कोणत्या तत्त्वावर पाडावेत आणि ते चुकल्यास आकड्यांचा अर्थ कसा पालटतो, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. उदाहरणे शक्यतो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवणच्या किनाऱ्याकडील घेतली आहेत. कारण या भागात एकच माणूस, एकच गाव आणि एकच बोली निरनिराळ्या याद्यांत निरनिराळ्या सदरांखाली मोजली जाते, आणि त्याचे परिणाम येथील लोकांस प्रत्यक्ष भोगावे लागतात.

परिभाषेसंबंधी एक खुलासा आरंभीच करणे इष्ट आहे. ‘वाहिनी’, ‘संपर्क’, ‘आवाहन’ असे प्रतिशब्द सुचविता येतील; तथापि सिंधुदुर्गातील कोणत्याही कचेरीत ‘लाइन’ व ‘कॉल’ हेच शब्द चालतात. तेव्हा पुढील विवेचनात तेच स्वीकारले आहेत.

२. एकक कोणते?

गट पाडण्यापूर्वी ज्यांचे गट पाडावयाचे ते एकक निश्चित असले पाहिजे. भाषेच्या अभ्यासात ‘शब्द’ म्हणजे काय हे न ठरविता शब्दसंख्या मोजणाऱ्याची जी गत होते, तीच ‘लाइन’ म्हणजे काय हे न ठरविता कॉल मोजणाऱ्याची होते. व्यवहारात चार भिन्न गोष्टींस लोक सैलपणे ‘फोन’ असे म्हणतात : हातातील यंत्र, त्यास जोडलेली लाइन, ती ओळखण्याचा क्रमांक आणि त्या क्रमांकावर बोलणारी व्यक्ती. या चार गोष्टी एकमेकींशी एकास एक जुळतीलच असे नाही. कचेरीच्या पाटीवर एकच क्रमांक छापलेला असतो, पण त्यामागे पाच लाइनी असू शकतात. पहिली गुंतली असेल तर कॉल आपोआप दुसरीवर, दुसरी गुंतली असेल तर तिसरीवर जातो. यास व्यवहारात ‘हंटिंग’ म्हणतात. उलटपक्षी, एकाच यंत्रावर दोन क्रमांक असणे ही आज घरोघरची गोष्ट आहे.

‘कॉल’ या एककाचीही तीच स्थिती आहे. तालुक्याच्या कक्षात आलेला एक कॉल तेथून जिल्ह्याच्या कक्षाकडे वळविला गेला, तर बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच कॉल असतो. यंत्राच्या नोंदीत मात्र दोन लाइनींवर दोन टप्पे उमटतात. लाइन गुंतलेली म्हणून एकाच मनुष्याने दहा वेळा क्रमांक फिरविला, तर प्रयत्न दहा होतात, गरज एकच असते. शिवाय आपल्याकडे ‘मिस्ड कॉल’ ही एक स्वतंत्र भाषिक कृतीच रूढ झाली आहे. दोन वेळा घंटा वाजवून फोन ठेवला की ‘पोहोचलो’ एवढा निरोप पैशावाचून पोहोचतो. यंत्र त्याची नोंद ‘न उचललेला कॉल’ अशी करते. पण संदेशाच्या दृष्टीने तो पूर्णतया सफल झालेला असतो. तात्पर्य, प्रयत्न, टप्पा, संभाषण व बोलणारी व्यक्ती यांपैकी आपण काय मोजीत आहो, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहिल्यावाचून त्याखालील आकड्यांस अर्थ येत नाही.

३. प्रत्यक्ष गट व तर्कसिद्ध गट

लाइनींचे गट दोन प्रकारचे असतात, व हा भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळ घोटाळा माजतो. पहिला प्रकार प्रत्यक्ष गटाचा. हंटिंगने परस्परांशी बांधलेल्या पाच लाइनी हा असा गट होय. आलेला कॉल त्यांपैकी कोणत्याही मोकळ्या लाइनीवर जाऊ शकतो. पाचही गुंतल्या असल्यासच तो परत फिरतो. हा गट कॉलांचा मार्ग ठरवितो. दुसरा प्रकार केवळ गणनेसाठी कल्पिलेल्या गटाचा. ‘किनारपट्टीच्या गावांतील सर्व लाइनी’ किंवा ‘रात्रपाळीत चालू असणाऱ्या सर्व लाइनी’ असे गट मनात करता येतात. त्यांमुळे एकाही कॉलाचा मार्ग बदलत नाही. केवळ आकड्यांची बेरीज कशी करावयाची हे ठरते. यास आपण तर्कसिद्ध गट म्हणू.

प्रत्यक्ष गटाचे महत्त्व गणिताने दाखवून देण्याचे श्रेय डॅनिश गणितज्ञ आग्नेर क्रारूप एर्लांग (१८७८–१९२९) यांस आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करीत असता त्यांनी १९०९ व १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी या शास्त्राचा पाया घातला, आणि १९४६ साली दूरध्वनीवरील रहदारीच्या एककास त्यांचेच नाव देण्यात आले. एक लाइन तासभर अखंड गुंतलेली असणे म्हणजे एक एर्लांग. तासात ३० कॉल आले व प्रत्येक सरासरी ४ मिनिटे चालला, तर एकूण १२० मिनिटे होतात. म्हणजेच रहदारी २ एर्लांग झाली.

आता समजा, एका मदतकक्षात दहा लाइनी आहेत व त्यांचे पाच-पाचांचे दोन प्रत्यक्ष गट केले आहेत. प्रत्येक गटाकडे तासाला ३० कॉल, म्हणजे २ एर्लांग, येतात. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक गटात सुमारे ३.७ टक्के कॉलांस लाइन मोकळी मिळणार नाही. दोन्ही गट मोडून दहा लाइनींचा एकच गट केला, तर एकूण रहदारी ४ एर्लांग होते आणि परत फिरणाऱ्या कॉलांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्क्यावर येते. लाइनी त्याच, कॉल तेवढेच. बदलली ती केवळ गटरचना, आणि निष्फळ कॉलांचे प्रमाण सुमारे सातपटीने घटले. याचे कारण उघड आहे. दोन गट वेगळे असता एका गटात लाइन मोकळी असूनही दुसऱ्या गटातील मनुष्य ताटकळतो. गट एक केल्यावर तसे होत नाही.

यावरून असा समज होण्याची भीती आहे की, गणनेसाठीही एकच मोठा गट करणे श्रेयस्कर ठरेल. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. मार्ग ठरविताना एकत्रीकरण हितावह असते. मोजताना मात्र एकत्रीकरणाने माहिती लोपते. म्हणूनच प्रत्यक्ष गट व तर्कसिद्ध गट एकच असण्याची सक्ती मानू नये.

४. सरासरी काय झाकते

वरील उदाहरणात थोडा फेरफार करू. लाइनींचे पाच-पाचांचे दोन गट कायम आहेत. परंतु पहिला गट किनाऱ्यावरील गावांसाठी असून त्याकडे तासाला ४५ कॉल येतात, आणि दुसरा घाटालगतच्या गावांसाठी असून त्याकडे १५ येतात. प्रत्येक कॉल पूर्वीप्रमाणेच सरासरी ४ मिनिटांचा धरू. पहिल्या गटाची रहदारी ३ एर्लांग व दुसऱ्याची १ एर्लांग झाली. हिशेब केला असता पहिल्या गटात सुमारे ११ टक्के कॉल परत फिरतात; दुसऱ्यात अवघे ०.३ टक्के. किनाऱ्यावरून फोन करणाऱ्या दर नऊ जणांपैकी एकास लाइन गुंतलेली मिळते, तर घाटालगतच्या शंभरांपैकी एकासही बहुधा तो अनुभव येत नाही.

महिन्याच्या तक्त्यात हे दोन्ही गट ‘जिल्हा’ या एकाच सदराखाली मांडले तर काय दिसेल? एकूण ६० कॉलांपैकी सुमारे ५ परत फिरले, म्हणजे ८.३ टक्के. हा आकडा खोटा नाही. परंतु तो किनाऱ्याचाही नाही आणि घाटाचाही नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे ११ व ०.३ या दोन टक्केवाऱ्यांचीच सरासरी काढणे. ती ५.६५ येते, आणि ती तर सर्वस्वी निराधार होय. कारण ४५ कॉलांच्या गटास व १५ कॉलांच्या गटास तीत समान वजन मिळालेले असते. टक्केवाऱ्यांची बेरीज करावयाची नसते. ज्या संख्यांवरून त्या काढल्या त्या संख्यांची बेरीज करून टक्केवारी नव्याने काढावयाची असते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही हा दोष वारंवार आढळतो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. परत फिरलेला कॉल कोणत्याच लाइनीवर पोहोचलेला नसतो; त्यामुळे कोणत्याही एका लाइनीच्या नोंदीत तो सापडत नाही. नकार मिळतो तो गटाकडून, लाइनीकडून नव्हे. यास्तव गटाची कल्पनाच नसेल तर निष्फळ कॉलांची मोजदाद तत्त्वतःच अशक्य आहे. केवळ लाइनवार नोंदींवर विसंबणाऱ्या कचेरीस आपल्या सर्व लाइनी दिवसभर व्यवस्थित चालल्या असेच दिसते, आणि ज्यांस लाइन मिळालीच नाही त्यांचा मागमूस कागदावर उरत नाही.

५. पाणिनीची व्यवस्था

एकच लाइन अनेक गटांत घालता येईल काय, अशी शंका येथे उपस्थित होते. मालवणच्या बंदरातील लाइन ‘मालवण तालुका’ या गटात पडते, ‘किनारपट्टी’ या गटात पडते आणि ‘चोवीस तास चालू’ या गटातही पडते. यात विसंगती आहे काय?

या शंकेचे उत्तर आपल्या व्याकरणपरंपरेत फार पूर्वीच दिले गेले आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या आरंभी चौदा सूत्रांत वर्णांचा पाठ दिलेला आहे, आणि प्रत्येक सूत्राच्या अंती एक खुणेचा वर्ण ठेवला आहे. कोणताही वर्ण व त्याच्या पुढील कोणतीही खूण एकत्र उच्चारली की त्या दोहोंमधील सर्व वर्णांचा गट सिद्ध होतो. त्यास प्रत्याहार म्हणतात. अच् म्हणजे सर्व स्वर, हल् म्हणजे सर्व व्यंजने. इकार हा अच् या गटात आहे व इक् या गटातही आहे; परंतु त्यामुळे इकार दोन होत नाहीत. ज्या नियमास जो गट हवा तो त्या नियमापुरता बोलावला जातो आणि नियमाचे कार्य संपले की गटही विसर्जित होतो. वर्णपाठ स्थिर आहे. गट प्रयोजनानुसार आहेत.

लाइनींची व्यवस्था याच तत्त्वावर असावी. प्रत्येक लाइनीची एकदाच नोंद करावी व तिचे गुणधर्म तिच्यासमोर लिहावेत : गाव, तालुका, किनारा की घाट, कोणत्या कामासाठी, कोणत्या वेळेत चालू, कोणत्या तारखेपासून. गट मात्र या गुणधर्मांवरून आवश्यकतेनुसार निष्पन्न करावेत. एका तक्त्यासाठी तालुकावार, दुसऱ्यासाठी कामवार. दंडक एवढाच पाळावा की, एका तक्त्याच्या आत गट परस्परव्यावर्तक असावेत, म्हणजे एक लाइन दोन रकान्यांत येऊ नये. आणि सर्वसमावेशक असावेत, म्हणजे एकही लाइन बाहेर राहू नये. तसे असेल तरच रकान्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळते. भिन्न तक्त्यांतील गट एकमेकांवर खुशाल पडोत. त्यांची बेरीज मात्र करू नये.

याच परंपरेतून सावधगिरीचा एक धडाही मिळतो. चौदा सूत्रांत णकार ही खूण दोनदा आली आहे. त्यामुळे अण् या प्रत्याहाराचा अर्थ पहिल्या णकारापर्यंतचा गट असा घ्यावा की दुसऱ्या णकारापर्यंतचा, हा प्रश्न निर्माण झाला व त्याचा निर्णय टीकाकारांस व्याख्यानाच्या आधारे करावा लागला. पाणिनीसारख्याच्या रचनेत गटाच्या नावाने संदिग्धता उपजू शकते, तर आपल्या कचेऱ्यांतील ‘इतर’, ‘सामान्य’, ‘विशेष’ या नावांनी ती किती उपजेल याची कल्पनाच करावी. ‘इतर’ हा गट सर्वांत मोठा झाला की वर्गीकरण मोडले असे समजण्यास हरकत नाही.

६. क्रमांकांतील गट

दूरध्वनीचे क्रमांक हेच मुळी गटांच्या तत्त्वावर रचलेले आहेत. मालवणचा एसटीडी क्रमांक ०२३६५, कुडाळचा ०२३६२, सावंतवाडीचा ०२३६३, देवगडचा ०२३६४, वेंगुर्ल्याचा ०२३६६ व कणकवलीचा ०२३६७. पहिले चार अंक सर्वांस समान आहेत. अखेरचा अंक भेददर्शक आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ०२३६ ही प्रकृती व अखेरचा अंक हा प्रत्यय. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची प्रकृती ०२३५ ही आहे.

परंतु ही सुबक रचना शासकीय विभागणीशी तंतोतंत जुळत नाही. सिंधुदुर्गात तालुके आठ आहेत. वरील क्रमांक मात्र सहाच. वैभववाडीस कणकवलीचा क्रमांक चालतो व दोडामार्गास सावंतवाडीचा. कारण हे क्रमांक आकारणीच्या क्षेत्रांस अनुसरून दिलेले होते; कॉलाचा दर किती लावावा हे त्यांवरून ठरत असे. तालुक्याचा कारभार हे त्यांचे प्रयोजनच नव्हते. तेव्हा क्रमांकावरून तालुकावार तक्ता काढणाऱ्याच्या हाती दोडामार्ग व सावंतवाडी यांचा एकत्रित आकडा येईल, आणि दोडामार्गाच्या दुर्गम गावांची स्थिती सावंतवाडी शहराच्या आकड्यात बुडून जाईल.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. गोव्याचा क्रमांक ०८३२ व बेळगावचा ०८३१. म्हणजे क्रमांकांच्या कुळात गोवा बेळगावच्या शेजारी बसतो. परंतु दूरसंचाराच्या सेवाक्षेत्रांच्या विभागणीत गोव्याचा समावेश महाराष्ट्रात होतो, तर मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे सेवाक्षेत्र गणले जाते. दूरसंचार नियामक प्राधिकरण ग्राहकसंख्येचे आकडे सेवाक्षेत्रवार प्रसिद्ध करते. त्या तक्त्यांतील ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा अर्थ म्हणूनच ‘मुंबई वगळून व गोवा धरून’ असा आहे. हे ध्यानात न घेता महाराष्ट्र राज्याच्या लोकसंख्येने त्या आकड्यास भागणाऱ्या अभ्यासकाचे उत्तर अंशातही चुकेल आणि छेदातही चुकेल.

भ्रमणध्वनीने तर क्रमांक व स्थान यांचा संबंध बहुतांशी तोडला आहे. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशातील कोणत्याही सेवाक्षेत्रात जाण्याची सोय झाली. त्याआधीही कोकणच्या बाबतीत हा संबंध सैलच होता. मुंबईस नोकरीस असलेल्या चाकरमान्याचा क्रमांक मुंबईचा असतो. गणेशचतुर्थीस तो गावी येतो तेव्हा त्याचे सर्व कॉल मालवणच्या मनोऱ्यावरून जातात. यंत्रणेत यासाठी दोन नोंदवह्या असतात : ग्राहकाचे मूळ क्षेत्र सांगणारी एक, आणि तो या क्षणी कोठे आहे ते सांगणारी दुसरी. पहिलीप्रमाणे तो मुंबईकर, दुसरीप्रमाणे मालवणकर. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. मनोऱ्यांची क्षमता ठरवावयाची असेल तर दुसरी पाहिली पाहिजे. बिल कोणत्या क्षेत्रात काढावयाचे असेल तर पहिली. चतुर्थीच्या सुमारास गावोगावी फोन लागत नाही ही तक्रार पहिल्या प्रकारच्या तक्त्यात दिसणारच नाही.

७. काळाची बाजू

गट हे काळानुसार बदलतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचे ‘रत्नागिरी’ व त्यानंतरचे ‘रत्नागिरी’ ही एकाच नावाची दोन भिन्न क्षेत्रे होत. १९८१ च्या आधीचा व नंतरचा आकडा शेजारी ठेवून रत्नागिरीत घट झाली असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः केवळ सीमारेषा मोजीत असतो.

लाइनींच्या बाबतीत असे बदल दरमहा होतात. एखादी लाइन मार्चपर्यंत बंदराच्या कामी असते व एप्रिलपासून रुग्णालयाकडे दिली जाते. गटाच्या यादीत जुने नाव पुसून नवे लिहिले, तर मार्चचे कॉलही मागे जाऊन रुग्णालयाच्या खाती जमा होतात आणि मागील वर्षाचे प्रसिद्ध झालेले आकडे पुन्हा काढता येत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. गटातील प्रत्येक सभासदत्वासमोर ‘पासून’ व ‘पर्यंत’ अशा दोन तारखा लिहाव्यात, आणि कॉल ज्या दिवशी आला त्या दिवशी लाइन ज्या गटात होती त्याच गटाच्या नावे तो मोजावा. शब्दाच्या अर्थाची ऐतिहासिक नोंद करताना कोशकार जो विवेक बाळगतो तोच येथे बाळगावयाचा आहे.

८. बोलीचा रकाना

आता आमच्या विषयाशी अधिक निकट असलेल्या प्रश्नाकडे वळू. अनेक मदतकक्षांत फोन लावताच भाषा निवडण्यास सांगितले जाते. मराठीसाठी एक अंक, हिंदीसाठी दुसरा, इंग्रजीसाठी तिसरा. या निवडीवरून कॉलांचे भाषावार गट आपोआप तयार होतात. मालवणी बोलणारी वृद्ध स्त्री अर्थातच मराठीचा अंक दाबते. तिचा कॉल मराठीच्या रकान्यात पडतो, आणि मालवणीच्या रकान्यात काहीच पडत नाही, कारण तो रकानाच नाही. वर्षाअखेर कोणी म्हणाला, ‘मालवणीतून एकही कॉल आला नाही, तेव्हा मालवणी समजणाऱ्या माणसाची आवश्यकता नाही,’ तर ते विधान आकड्यांतून निघाले असे भासेल. प्रत्यक्षात ते रकान्यांच्या मांडणीतून निघालेले असते.

जनगणनेत याचेच मोठे रूप दिसते. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या सातव्या खंडात ग्रियर्सन यांनी कोंकणीस मराठीच्या बोलींत स्थान दिले होते. पुढे १९९२ साली कोंकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. जनगणनेच्या २००१ व २०११ च्या भाषाविषयक तक्त्यांत ‘मालवणी’ ही मातृभाषा कोंकणीच्या गटाखाली धरलेली आहे. कोंकणीची एकूण संख्या २००१ मध्ये २४,८९,०१५ व २०११ मध्ये २२,५६,५०२ अशी दिली आहे. तीत मालवणी सांगणारे समाविष्ट आहेत. पण त्याच गावात, किंबहुना त्याच घरात, जो भाऊ आपली मातृभाषा ‘मराठी’ असे सांगतो तो मराठीच्या संख्येत जातो आणि जो ‘मालवणी’ असे सांगतो तो कोंकणीच्या संख्येत जातो. दोघांची बोली एकच, गट दोन. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ साली ८,४९,६५१ होती. तीपैकी मालवणी किती जण बोलतात, याचे उत्तर त्या तक्त्यातील ‘मालवणी’ या ओळीवरून काढणे म्हणजे प्रश्नास दिलेले उत्तर व प्रत्यक्ष व्यवहार या दोहोंस एकच मानणे होय.

मालवणी मराठीची की कोंकणीची हा वाद येथे उपस्थित करण्याचा हेतू नाही. सांगावयाचे ते एवढेच की, मोठ्या गटात विलीन करण्यापूर्वी मूळ उत्तर जसेच्या तसे नोंदवून ठेवले असेल, तर उद्या वेगळ्या तत्त्वावर गट पाडता येतील. जनगणनेने मातृभाषांची नावे गटाखाली स्वतंत्रपणे दिली आहेत हे त्या दृष्टीने उपकारकच आहे. तथापि देशभरात १०,००० हून कमी भाषिक असलेल्या नावांस ही स्वतंत्र ओळही मिळत नाही. मदतकक्षानेही हाच बोध घ्यावा. फोन घेणाऱ्याने बोलीची एक लहानशी नोंद वेगळी ठेवली, तर गट पुढे केव्हाही बदलता येतील; जे नोंदविलेच नाही ते मात्र कोणत्याही गटात घालता येणार नाही.

९. शून्याचा अर्थ

या सर्व विवेचनाची खरी कसोटी संकटाच्या प्रसंगी लागते. मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनाऱ्यांवर मच्छिमारीवर जगणारी असंख्य कुटुंबे आहेत. समुद्रातील शोध व बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक त्यांच्या दृष्टीने जीवनमरणाचे आहेत. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. झाडे व विजेचे खांब कोसळले, वीज गेली आणि दूरध्वनीसेवाही विस्कळीत झाली.

अशा रात्री एखाद्या गावाच्या गटासमोर ‘कॉल : ०’ अशी नोंद दिसली, तर तिचा अर्थ काय करावयाचा? तीन अर्थ संभवतात. लाइनी चालू आहेत व कोणास मदतीची गरज पडली नाही. लाइनी बंद आहेत व गरज असूनही फोन लागत नाही. अथवा कक्षाच्या सर्व लाइनी दुसऱ्याच गावांच्या कॉलांनी गुंतल्या आहेत व या गावाचे कॉल दारातूनच परत फिरत आहेत. पहिल्या अर्थाने ते गाव सुरक्षित असते. दुसऱ्या व तिसऱ्या अर्थाने तेथे मनुष्यबळ प्रथम धाडले पाहिजे. आकडा तिन्ही प्रसंगी एकच. जेथून सर्वाधिक कॉल येतात तेथे सर्वाधिक हानी झाली, असा निष्कर्ष काढणारा कारभार ज्या गावाचा आवाजच बंद झाला आहे त्यास यादीत अखेरचे स्थान देईल.

यातून मार्ग काढण्यासाठी गटवार तक्त्यात कॉलांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने अनिवार्य मानावेत. एक, त्या तासात गटातील किती लाइनी प्रत्यक्ष चालू होत्या; दुसरा, गटाकडे आलेले किती कॉल परत फिरले. भ्रमणध्वनीच्या बाबतीत लाइनीच्या ऐवजी मनोरा चालू होता की बंद, हे लिहावे. शिवाय गट तालुकावार न ठेवता किनाऱ्यालगतची गावे वेगळी धरावीत. मालवण तालुक्याचाच विचार केला तर बंदर, तारकर्ली, देवबाग ही समुद्रालगतची वस्ती आणि मसुरे, पोईप यांसारखी आतल्या बाजूची गावे यांचे भवितव्य वादळाच्या रात्री एकसारखे नसते. त्यांची एकत्र बेरीज करणारा तक्ता नेमक्या त्या रात्री निरुपयोगी ठरतो.

१०. समारोप

आतापर्यंतच्या चर्चेतून निघणारे नियम थोडक्यात असे मांडता येतील. प्रथम एकक निश्चित करावे व ते तक्त्यावर लिहावे. कॉलांचा मार्ग ठरविणारे गट व गणनेचे गट यांत भेद राखावा. लाइनीची नोंद एकदाच करावी आणि गट तिच्या गुणधर्मांवरून निष्पन्न करावेत. एका तक्त्यातील गट परस्परव्यावर्तक व सर्वसमावेशक असावेत. गटाचे सभासदत्व तारखेसह लिहावे. टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नये. शून्य लिहिताना लाइन चालू होती की नाही हेही लिहावे. आणि मूळ उत्तर गटात विलीन करण्यापूर्वी जपून ठेवावे.

यांपैकी एकही नियम केवळ दूरध्वनीपुरता नाही. बोलींच्या सर्वेक्षणात गावांचे गट पाडणारा, कोशाच्या कामात शब्दांचे वर्ग करणारा व शाळांतील मुलांची मातृभाषा नोंदविणारा, या सर्वांस ते सारखेच लागू पडतात. आमच्या विभागातील विद्यार्थी येत्या काळात क्षेत्रकार्यास निघतील तेव्हा त्यांनी आपल्या प्रत्येक तक्त्याखाली गट कोणत्या तत्त्वावर पाडले हे एका वाक्यात लिहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो. त्या एका वाक्याअभावी पुढचा अभ्यासक आकडे वाचू शकेल. ते तपासू मात्र शकणार नाही.